पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर दुसरा मजला चढवताना

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे बांधकामाचे फोन सुरू होतात. गेल्या वर्षी पहिला फोन मावसबहिणीचा. "अरे, वर मजला चढवायचा आहे. आठ इंची चौदाशे ब्लॉक बाजूला काढून ठेव, आणि भाव घरच्यासारखा लाव."

कुडाळजवळ माझा सिमेंट ब्लॉकचा लहानसा कारखाना आहे. त्याआधी अकरा वर्षं मी साइटवर सुपरवायझर होतो. चौदाशे ब्लॉकची ऑर्डर मिळाली की माणसाने खूश व्हावं. मी म्हटलं, "ताई, ब्लॉक राहू दे. रविवारी येतो. पहार, फावडं आणि एक बिगारी तयार ठेव."

वरचा मजला चढवायचा म्हटलं की सगळे वरच्या ब्लॉकचा भाव विचारतात. विचारायला हवं ते खालच्या ब्लॉकबद्दल आणि त्याच्याही खालच्या मातीबद्दल. ताईच्या घरी जे केलं ते क्रमाने सांगतो. हे वाचून कुणी स्वतःच इंजिनिअर होऊ नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणि ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीची परवानगी या दोन गोष्टी लागतातच. पण इंजिनिअर घरी येईल तेव्हा काय बघायचं आणि गवंडी काम करताना कुठे उभं राहायचं, हे घरमालकाला माहीत असलं पाहिजे.

भिंत ओझं घेते की नुसती उभी आहे?

पहिली गोष्ट ही. कॉलम-बीमचा सांगाडा असलेल्या घरात ब्लॉक नुसते मधली जागा भरतात, ओझं कॉलमवरून घराच्या पायामध्ये उतरतं. तिथे वरचा मजला हा कॉलम आणि फुटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या पायाचा प्रश्न आहे, ब्लॉकचा नाही. लोड बेअरिंग घरात स्लॅब थेट भिंतीवर टेकलेला असतो. मी हा दुसरा प्रकार सांगतो आहे.

कोकणात तिसराच प्रकार जास्त दिसतो. पुढच्या पडवीला शोभेचे दोन-चार कॉलम आणि मागचं सगळं घर भिंतीवर. मालक अभिमानाने सांगतो, "आमचं कॉलमचं घर आहे." ताईनेही सांगितलं होतं. स्लॅबच्या खाली भिंतीच्या रेषेत बीम उतरलेला दिसतो का, खोलीच्या कोपऱ्यात कॉलमची कड जाणवते का, गच्चीवर सळ्यांची टोकं सोडली आहेत का, एवढं बघितलं तरी अंदाज येतो. ताईच्या घरी पडवी सोडून कुठेच कॉलम नव्हता. ३० फूट बाय २५ फूट घर, २००६ साली बांधलेलं, आठ इंची पोकळ ब्लॉकच्या भिंती, वर पाच इंची स्लॅब.

पाया उघडून बघा

घराच्या चारही बाजूंना भिंतीला लागून एकेक खड्डा घ्या. खड्डा लांबीला तीन फुटांच्या वर नको, आणि पायाच्या तळाच्या खाली तर अजिबात जाऊ नका, नाहीतर बघायला गेलो आणि पाया सुटला अशी गत होईल. एक खड्डा बघून, मापं लिहून, बुजवून, कुटून मगच दुसरा. पायाची रुंदी, खोली, तो कशात बांधला आहे आणि तळाला माती कसली, या चार गोष्टी टिपायच्या.

ताईचा पाया जांभ्याचा, दोन फूट रुंद, तीन फूट खोल. पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या खड्ड्यात तळाला कडक मुरूम लागला, पहारीने नुसतं खरवडत होतं. मागच्या बाजूला, माडांच्या बागेकडे, मात्र पहार हाताच्या जोराने वीतभर आत गेली. काळी ओलसर माती. पूर्वी तिथे पाटाचं पाणी जायचं हे ताईच्या सासूबाईंनी त्यानंतर सांगितलं! कुठलंही जुनं घर असो, खड्डे घेण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा की इथे आधी काय होतं. खाचर, पाट, बुजवलेली विहीर, हे नकाशात नसतं, त्यांच्या डोक्यात असतं.

इंजिनिअरने मागची खोली तिथल्या तिथे वगळली. त्या खोलीवर मजला नाही, गच्ची तशीच राहील. ताई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

ओझ्याचं गणित

हे कंटाळवाणं वाटेल, पण वहीच्या एका पानात बसतं. घरातली सगळ्यात जास्त ओझ्याची भिंत म्हणजे मधली, जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. दोन्हीकडे साधारण १० फुटांचा, म्हणजे ३ मीटरचा गाळा (भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर). दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा स्लॅब तिच्यावर येतो, म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीवर ३ चौरस मीटर स्लॅब.

पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सव्वातीनशे किलोच्या आसपास, फरशी आणि तिच्याखालचा माल १०० किलो, माणसं-सामानासाठी राहत्या घराला धरायचे २०० किलो. मिळून साधारण ६०० किलो. गुणिले तीन, म्हणजे एका मजल्याचे अठराशे किलो. भिंतीचं स्वतःचं वजन दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट चौरस मीटरला २९० किलो धरलं, तर ३ मीटर उंचीला पावणेनऊशे किलो. एका मजल्याला पावणेतीन टन, दोन मजल्यांना जवळजवळ साडेपाच टन, भिंतीच्या दर मीटरला. आज जी भिंत जेवढं उचलते आहे त्याच्या दुप्पट.

साडेपाच टन ब्लॉकच्या प्रत्यक्ष १९ सेंटिमीटर जाडीवर पसरले की ताण येतो ०.२८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आपल्या आयएस १९०५ या कोडमध्ये (आयएस म्हणजे भारतीय मानक) ३.५ ताकदीच्या, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन दाब सोसणाऱ्या ब्लॉकला मूळ परवानगी ०.३५ ची आहे. उंची-जाडीचं प्रमाण आणि ब्लॉकचा आकार यांचे गुणक लावून आमच्या भिंतीला जवळपास तेवढंच उरलं. म्हणजे बसतं, पण ब्लॉक खरोखर ३.५ चा असेल तरच. दोनच्या ब्लॉकवर हे गणित बसत नाही, आणि गावोगाव विकला जाणारा बराच ब्लॉक किती ताकदीचा असतो हे आम्ही विकणारे जाणतो. सिमेंटच्या एका गोणीत आठ इंची पंचवीस-सव्वीस ब्लॉक निघावेत असा माल मी कालवतो. गोणीला चाळीस काढणारेही आहेत. रंग दोघांचा सारखाच, फरक भावात दिसतो आणि पुढे भिंतीत.

बाहेरच्या भिंतीवर ओझं कमी असतं, कारण स्लॅब एकाच बाजूचा. पण तिला खिडक्या असतात. अर्धी भिंत खिडकी-दारांत गेली की उरलेल्या अर्ध्या भागावर दुप्पट ओझं. भूकंपाच्या दृष्टीने केलेल्या आयएस ४३२६ मध्ये दुमजली लोड बेअरिंग घराला एका भिंतीतल्या सगळ्या उघड्या जागांची बेरीज भिंतीच्या लांबीच्या ४२ ते ५० टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत. नेमका आकडा जागेनुसार ठरतो. ताईच्या हॉलला रस्त्याकडे सहा फुटी खिडकी आणि लगेच दार, मध्ये भिंतीचा जेमतेम दीड फुटाचा खांब. घरात बोट ठेवावं अशी पहिली जागा तीच. आम्ही खिडकी सहाची चार फूट केली.

खालच्या भिंतीतला ब्लॉक तपासायचा कसा

भिंत न पाडता ब्लॉक काढायची जागा म्हणजे खिडकीच्या खालचा भाग. तिथे स्लॅबचं ओझं येत नाही. ग्राइंडरने चारही बाजूंचे सांधे कापायचे, छन्नी-हातोड्याने ठोकून काढायचा नाही, नाहीतर ब्लॉकला आतून तडा जातो आणि परीक्षेत नापास होतो. चार खिडक्यांखालून दोन-दोन, असे आठ ब्लॉक आम्ही काढले. आयएस २१८५ मध्ये दाबताकदीसाठी आठच नगांची सरासरी घेतात. गिलावा खरवडून ते लॅबला दिले आणि भोकात नवे ब्लॉक बसवून टाकले.

आठ इंची ब्लॉक मशिनमध्ये दाबल्यावर ३.५ ताकदीचा असेल तर साधारण २६ टनांना फुटतो. भोकांसकट पूर्ण माथ्याचं क्षेत्रफळ धरून हा हिशोब असतो. ताईच्या आठांची सरासरी ४.१ आली, सगळ्यात कमजोर ३ चा. कोडला एकेकटा ब्लॉक किमान २.८ चा लागतो, तेव्हा पास. ते ब्लॉक माझे नव्हते. माझा कारखाना त्यानंतरचा. असते तर त्या दिवशी लॅबच्या बाहेर मी जरा जास्त घामाघूम झालो असतो.

सरासरी कमी आली असती तर? स्लॅबऐवजी वर पत्र्याचं उतरतं छप्पर घ्यायचं. छपराच्या स्लॅबचे अठराशे किलो हिशोबातून जवळजवळ जातात. कोकणच्या पावसात उतरतं छप्पर तसंही शहाणपणाचं, पण लोकांना स्लॅबशिवाय मजला झाल्यासारखा वाटत नाही.

कोबा काढा, आणि ब्लॉक गच्चीवर रचू नका

जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला १८० किलोच्या आसपास. ताईच्या गच्चीवर मिळून अकरा-बारा टन. हा कोबा तसाच ठेवून त्यावर फरशी लावणारे ठेकेदार आहेत, तेवढीच मजुरी वाचते. आमचं गणित वर मांडलं त्यात कोबा नाही, म्हणून तो खरोखर निघायलाच हवा. खाली टेकू लावून, हलक्या ब्रेकरने, भिंतीच्या रेषेत स्लॅबचं मूळ काँक्रीट लागेपर्यंत. राडा रोजच्या रोज खाली.

दुसरी चूक माल चढवताना होते. ब्लॉकचा एक थर शेजारी-शेजारी मांडला तर चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक बसतात. एक ब्लॉक १८ किलोचा धरा, सव्वादोनशे किलो झाले. म्हणजे राहत्या घराला जेवढं ओझं धरतो ते एका थरातच संपलं! पाच थरांची थप्पी म्हणजे अकराशे किलो, तेही खोलीच्या मधोमध, कारण तिथे जागा मोकळी असते. ब्लॉक रोज लागतील तेवढेच चढवायचे आणि भिंतीच्या रेषेवर ठेवायचे. ताईच्या घरी दुसऱ्याच दिवशी मी आलो तर बिगाऱ्यांनी हॉलच्या मध्यावर थप्पी लावलेली. "साहेब, परत परत कोण चढ-उतार करणार?" त्यांचंही खरंच होतं. दोन दिवसांची मजुरी जास्त गेली.

भोकांचा उपयोग

आता पोकळ ब्लॉकच्या खऱ्या फायद्याकडे. वीट हलकी नाही आणि तिच्यात सळई उभी करता येत नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा आठ इंची पोकळ ब्लॉकची भिंत चौरस मीटरला दोनशे किलोंनी हलकी पडते, आणि तिची भोकं एकावर एक आली की जोत्यापासून स्लॅबपर्यंत तयार नळी मिळते. कोपऱ्यात, भिंतीला भिंत मिळते तिथे आणि प्रत्येक दार-खिडकीच्या दोन्ही कडांना त्या नळीत एक सळई उभी करून काँक्रीट ओतलं, की भिंतीच्या पोटातच बारीक खांब तयार होतो.

आमचा गवंडी साठीचा, जांभ्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी भोकं भरायला सांगितल्यावर म्हणाला, "भोकां भरून काय खजिनो लपवतलस काय?" ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो लहान होता. त्याला एवढंच विचारलं, तेव्हा घराचं काय पडलं होतं? म्हणाला, "कोनो." म्हणजे कोपरा. पुढचं काम त्याने वाद न घालता केलं.

ब्लॉक घेताना इथे एक मेख आहे. ब्लॉक दोन प्रकारचे येतात. काहींचं भोक आरपार असतं, काहींचं एका तोंडाला बंद. बंद तोंड वर ठेवून बांधलं की माल आत सांडत नाही, म्हणून गवंड्यांना तोच आवडतो. पण त्यात सळई उभी करता येत नाही. माझ्या साच्यातून बंद तोंडाचेच निघतात. ताईला कोपऱ्यांसाठी आणि दार-खिडक्यांच्या कडांसाठी लागणारे तीनशे आरपार ब्लॉक मी गोव्यातून मागवून दिले. स्वतःच्या दुकानदारीवर असा पाणी सोडायचा प्रसंग क्वचित येतो. आरपार ब्लॉकच्या भोकाला किंचित निमुळता आकार असतो; जाड कड वर ठेवायची, मालाला बूड चांगलं मिळतं.

सळई किती जाडीची हे इंजिनिअर ठरवेल. ताईकडे खालच्या मजल्याला १२ मिलिमीटरची आणि वर १० ची ठरली. दोन सळ्या सांधताना एकमेकींशेजारी ठेवायची लांबी सळईच्या जाडीच्या पन्नास पट, १२ च्या सळईला दोन फूट.

खालच्या मजल्यात सळई घालणं हे या कामातलं सगळ्यात किचकट प्रकरण. ताईचे खालचे ब्लॉक सुदैवाने आरपार होते. स्लॅबमध्ये कोपऱ्यातल्या भोकाच्या बरोबर वर, स्लॅबच्या सळ्या चुकवून, चार इंची कोअर घेतला, म्हणजे मशिनने गोल आरपार भोक पाडलं. जोत्याच्या वरच्या पहिल्या थरात त्याच भोकाला बाहेरून हात जाईल एवढी खिडकी पाडली. ही खिडकी फार महत्त्वाची. बांधताना सांडलेला माल वर्षानुवर्षं तळाशी साठून दगड झालेला असतो. तो उकरून काढल्याशिवाय ओतलेलं काँक्रीट जोत्याला चिकटतच नाही. ताईच्या एका कोपऱ्यातून अर्धं घमेलं सुकलेला माल, सिमेंटच्या गोणीचा कागद आणि एक पूर्ण विडीचं बंडल निघालं. मग जोत्याच्या काँक्रीटमध्ये भोक पाडून, फुंकून साफ करून, इपॉक्सीत (काँक्रीटला सळई चिकटवायच्या रसायनात) सळईचा तुकडा रोवला, वरून लांब सळई सोडून त्याला सांधली आणि खिडकी फळीने बंद केली.

ओतायचं काँक्रीट बारीक खडीचं, १० मिलिमीटरच्या आतलं, आणि नेहमीपेक्षा पातळ. एकदम वरून ओतून मोकळं व्हायचं नाही. चार-चार थरांएवढं ओतायचं, सळईने टोचायचं, मग पुढचं. आणि घमेली मोजायची! दहा फूट उंचीच्या एका भोकाला माझ्या हिशोबाने चार-साडेचार घमेली लागतात. दोन घमेल्यांतच भोक भरलं तर आनंद मानू नका, मध्ये कुठेतरी अडकलं आहे. हॉलच्या त्या अरुंद खांबात असंच झालं. तिसऱ्या घमेल्याला वरून काँक्रीट दिसायला लागलं. बाहेरून हातोडी वाजवत आलो तर सातव्या थरावर आवाज बद्दकन बदलला. तिथे ब्लॉकची बाहेरची बाजू फोडून बघितलं, आतल्या बाजूला गवंड्याने पूर्वी सांध्याचा माल जिभेसारखा लोंबता सोडलेला. तो तोडून परत भरलं.

खालचे ब्लॉक बंद तोंडाचे निघाले तर हा उद्योग करू नका. तेव्हा कोपऱ्यांवर आणि लिंटेलच्या (दार-खिडक्यांच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या) पातळीला गिलावा काढून, वेल्डेड जाळीचा पट्टा भिंतीत पक्का बसवून वरून सिमेंटचा जाड लेप देतात. जुनी घरं मजबूत करण्याच्या आयएस १३९३५ मध्ये ही पद्धत दिलेली आहे.

वरची भिंत

वरची भिंत खालच्या भिंतीच्या बरोबर वर. "वर बेडरूम जरा मोठी करू, भिंत दोन फूट सरकवू" हा विचार मनात आला तर तो चहाबरोबर गिळून टाका. पाच इंची स्लॅबच्या मध्यावर ब्लॉकची भिंत उभी करायची नसते.

ब्लॉक भिजवू नका. हे मी दर साइटवर सांगतो आणि दर साइटवर मागे वळलो की कुणीतरी पाइप सोडतो, कारण वीट आणि चिरा भिजवायची सवय हातात बसली आहे. सिमेंटचा ब्लॉक ओला असताना फुगलेला असतो, भिंतीत सुकताना आकसतो आणि सांध्या-सांध्यातून जिना चढावा तशी चीर जाते. म्हणूनच ब्लॉक निदान १४ दिवस ओले ठेवून पिकवायचे आणि पुढे चार आठवडे सुकवायचे असतात. कारखान्यात गेलात की तारीख विचारा. ताजा, गडद रंगाचा, हाताला गार लागणारा ब्लॉक घेऊ नका, मी दिला तरी. उन्हाचा फारच तडाखा असेल तर ब्लॉकच्या माथ्यावर आणि बाजूंना ओलं फडकं फिरवा, बस.

माल एकास सहा, सांधा एक सेंटिमीटर. पहिल्या थराला ब्लॉकच्या पूर्ण बुडाखाली माल, भोकांमधल्या पडद्यांखालीही. उभे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, पण भोकं मात्र एकाखाली एक आली पाहिजेत. दोन भोकांचा ब्लॉक अर्ध्यावर सरकवला की दोन्ही जमतं. दिवसात सहा थरांपेक्षा वर जाऊ नका. दर तिसऱ्या थराला ओळंबा लावा. दुमजली घरात खालच्या भिंतीची दोन सूत चूक वरच्या भिंतीच्या चुकीला जाऊन मिळते.

लिंटेलच्या पातळीला घरभर फिरणारा पट्टा घ्या. यू आकाराचे ब्लॉक मिळतात, त्यात दोन सळ्या, सहा मिलिमीटरच्या रिंगा आणि काँक्रीट. कोपऱ्यात सळ्या वळवून पुढच्या भिंतीत न्यायच्या, कोपऱ्यावर तोडायच्या नाहीत. बहुतेक ठिकाणी लिंटेल फक्त दार-खिडक्यांवर दिसतो, आणि त्या दोन तुकड्यांच्या मधली भिंत कुणाचीच नसते.

स्लॅबच्या खालच्या थराबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. २००९ मध्ये माझ्याच घराचा वरचा मजला चढवला. सेंटरिंगवाल्यांनी वरच्या थराची भोकं सिमेंटच्या गोणीच्या कागदाने झाकली, काँक्रीट आत जाऊ नये म्हणून. मी बघितलं आणि काही बोललो नाही, उलट काँक्रीट वाचलं म्हणून बरं वाटलं. स्लॅब टेकला तो ब्लॉकच्या इंच-सव्वा इंच जाडीच्या कडांवर. पुढच्या एप्रिलमध्ये नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात स्लॅबच्या खाली आडवी चीर आली, नख जाईल एवढी. उन्हाने तापलेला स्लॅब पसरतो, त्याच्या ओढीने पातळ कडा फुटत गेल्या. ताईकडे वरचा थर पूर्ण भरीव केला, त्यावर सिमेंटचा गुळगुळीत लेप आणि त्यावर डांबरी कागद, मग स्लॅब. छपराचा स्लॅब कोपऱ्यातल्या सळ्यांपाशी घट्ट धरलेला राहतो आणि बाकी लांबीत जरा सरकू शकतो. वर पांढरी चिनी मोझॅक लावली, तीही उन्हासाठीच.

विजेच्या पट्ट्यांसाठी भिंत आडवी कापू देऊ नका. उभ्या पाइपला भोकं आहेतच, फक्त भरलेली सोडून.

पाण्याची टाकी खोलीच्या मधोमध नको, दोन भिंती जिथे छेदतात तिथे. हजार लिटरची टाकी म्हणजे सरळ एक टन.

पावसाआधी

स्लॅब मेच्या मध्यापर्यंत पडला पाहिजे, म्हणजे मृग लागेपर्यंत गिलाव्याला वेळ मिळतो. बाहेरचा गिलावा दोन हातांचा, खिडक्यांना छज्जा आणि छज्ज्याला खालून पाणी तोडणारी खाच. पोकळ ब्लॉक पाणी आत घेतो आणि लगेच सोडत नाही. अवकाळी आली आणि भिंतीचा माथा उघडा राहिला तर नळ्या पाण्याने भरतात. ताईच्या उत्तरेकडच्या भिंतीचं असंच झालं, एका रात्रीचा पाऊस होता, ताडपत्री गच्चीच्या कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली. सकाळी मी तळच्या थराला ड्रिल मारलं तर नळ सोडल्यासारखी धार लागली, बादली भरली. नऊ भोकं पाडून भिंत रिकामी केली, दहा दिवस सुकू दिली, मग गिलावा. तसाच गिलावा केला असता तर रंगाला फोड दिवाळीपर्यंत येत राहिले असते.

मागच्या खोलीवरची गच्ची रिकामीच राहिली. ताई आता तिथे कोकमं वाळवते आणि तिथून बागेतले माड मोजता येतात असं पाहुण्यांना सांगते.

काम संपल्यावर मी वहीच्या दोन पानांवर दोन्ही मजल्यांचा हाताने नकाशा काढला. कुठलं भोक भरलेलं, कुठल्यात सळई, कुठल्यातून वायर, कुठलं पोकळ. पोकळ जागी जड कपाट टांगायचं असेल तर साधा खिळा चालत नाही आणि सळईच्या जागी ड्रिल मारायचं नाही, म्हणून. ताईने तो घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावला आहे. जूनमध्ये एसी बसवायला आलेल्या पोराने तो मागून घेतला, पाच मिनिटं बघितला आणि ब्रॅकेट एक फूट डावीकडे सरकवलं.